फायबर ‘उपलब्ध’ होतं, फक्त आमच्या दारापर्यंत नव्हतं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या वाचकांची सोय होईल. घरी घेतलेली फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून येणाऱ्या इंटरनेटची, जोडणी उत्तम. जोडणी करायला आलेली माणसं त्याहून उत्तम. त्यांना पाठवणारी कचेरी आणि तिचं अ‍ॅप यांना मात्र काठावरही पास करता येत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्याकडे दुसरी कुठली कंपनी असेल, पण रस्ता आणि तुमचं दार यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाची जमीन असेल तर जे व्हायचं ते साधारण असंच होणार.

आमचं घर मागच्या बाजूला आहे. रस्त्याला लागून एक घर, त्याच्या कुंपणाच्या आतून जाणारी अरुंद फरसबंद वाट, आणि वाटेच्या टोकाला आम्ही. वाटेवरून जायचा-यायचा हक्क आमचा, जमीन पुढच्या घराची. पुढच्या घरात भाडेकरू राहतो, मालकीणबाई दुसऱ्या गावी. फायबरचा चेंबर, म्हणजे केबल जिथून घरांकडे फुटते तो जमिनीतला झाकणबंद खड्डा, रस्त्याच्या कडेला, पुढच्या घराच्या फाटकाजवळ. तिथून माझ्या कामाच्या टेबलापर्यंत साठ-पासष्ट मीटर. एवढ्या अंतरासाठी सगळा खटाटोप.

मी घरून ऑडिओ संपादनाचं काम करते, त्यामुळे मला डाउनलोडपेक्षा अपलोडची पडलेली असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा न दाबलेला एक तासाचा ध्वनी म्हणजे साधारण १ जीबी. जुन्या तांब्याच्या जोडणीवर अपलोड १ एमबीपीएसच्या आसपास मिळायचं, म्हणजे तासाभराची मुलाखत पाठवायला सव्वादोन तासांहून जास्त, तेही मधे लाइन पडली नाही तर. मोबाइल राउटर वरच्या खिडकीत ठेवून काही काळ भागवलं. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की तोही मान टाकायचा.

वेबसाइटवर पत्ता टाकला तर हिरवी खूण: ‘आपल्या पत्त्यावर सेवा उपलब्ध आहे.’ या खुणेचा अर्थ मला नंतर सर्वेक्षकाकडून कळला. या धंद्यात ‘होम्स पास्ड’ नावाचा एक आकडा असतो. ज्या घरांजवळून जाळं गेलं आहे आणि मागणी आली तर जोडता येतील असं कंपनी धरून चालते, ती घरं त्यात मोजतात. प्रत्यक्ष जोडलेली घरं हा आकडा वेगळा. हिरवी खूण पहिल्या आकड्यातली. चेंबर आणि दार यांच्यामध्ये कुणाची भिंत आहे, कुणाचं फाटक आहे, हे त्या खुणेला ठाऊक नसतं. पैसे मात्र त्या खुणेवरच भरून घेतात.

पहिला तंत्रज्ञ आला तो पुढच्या घराच्या फाटकातूनच परत गेला. भाडेकरू म्हणाला, ‘मालकांना विचारल्याशिवाय मी कुणाला खणू देणार नाही,’ आणि त्याचं काही चुकलं नाही. तंत्रज्ञानं ‘साइट रेडी नाही’ अशी नोंद केली. अ‍ॅपनं त्या नोंदीचं रूपांतर ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असं केलं. मी दारात उभी होते. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात नवी तारीख देऊन मोकळी झाली. नव्या तारखेला नवा माणूस, तेच फाटक, तोच भाडेकरू. प्रत्येक येणाऱ्याला पहिल्यापासून सगळी कथा सांगायची, कारण आधीच्यानं काय पाहिलं ते पुढच्याच्या यादीत दिसतच नाही. या चक्रात अडकलेल्यांना माझा एकच सल्ला आहे: जोडणीची तारीख मागू नका, जागेची पाहणी मागा. त्यासाठी वेगळा माणूस येतो. तारीख मिळाली की फक्त जोडणारा येतो, आणि परवानगी मिळवणं हे त्याचं काम नसतं.

पाहणीला आलेले सर्वेक्षक पन्नाशीचे, हातात मोजपट्टीचं चाक, बोलणं कमी. त्यांनी वाट दोनदा चालून पाहिली, कुंपणावर टकटक केली, वर पाहिलं, आणि तीन मार्ग सांगितले.

पहिला हवेतून. रस्त्यावरच्या खांबावरून तार ताणून आमच्या भिंतीवर आणायची. सगळ्यात झटपट. पण ती तार पुढच्या घराच्या छपराच्या कोपऱ्यावरून जाणार होती आणि वाटेत एक मोठं झाड होतं. ‘ताई, वाऱ्यात फांदी तारेवर घासत राहते. आज लावीन, पण मला पुन्हा यावं लागेल,’ असं ते म्हणाले. शिवाय खाली खणलं नाही म्हणून परवानगी टळते असंही नाही. तार कुणाच्या डोक्यावरून जाते हाही प्रश्न असतोच.

दुसरा कुंपणाच्या भिंतीवरून, क्लिपा ठोकत. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. पण भिंतीला जागोजागी भेगा होत्या. उद्या मालकीणबाईंनी भिंत पाडून नवी बांधायला घेतली की आमचं इंटरनेट गवंड्याच्या हातात.

तिसरा जमिनीखालून, आणि इथे सर्वेक्षकांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला: ‘तुमचा जुना टेलिफोन घरात कुठून येतो?’ मी मागच्या कोपऱ्यातली भिंतीतून वर आलेली करडी नळी दाखवली. ते तिथे बसले, नळीत टॉर्च मारला, आणि म्हणाले की ही पंचवीस मिलिमीटरची आहे, आत तांब्याची एकच बारीक केबल आहे, म्हणजे आपल्याला जागा आहे. लगेच पुढचा प्रश्न: नळी कुणी घातली? ती टेलिफोन कंपनीची असती तर तिच्या परवानगीचं आणखी एक प्रकरण झालं असतं. आमच्याकडे बांधकामाचे जुने नकाशे होते, त्यात नळी घर बांधतानाच घातल्याचं दिसत होतं. नळी घराची ठरली. घराचे नकाशे जपून ठेवणाऱ्या माझ्या सासऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली आहेत. त्या दिवशी तोंडभरून कौतुक केलं.

तरीही परवानगी लागणारच होती. वाटेवरून जाण्याचा हक्क असला म्हणून वाटेखालून वाहिन्या न्यायचा हक्क आपोआप मिळतो असं नाही. तुमच्या जागेच्या कागदांत नेमकं काय लिहिलं आहे ते पाहावं लागतं. आमच्या कागदांत ‘ये-जा’ होतं, वाहिन्यांचा उल्लेखच नव्हता. आणि नळी मधे कुठे तुंबलेली निघाली तर फरशी उचलावी लागणार, ती मालकीणबाईंची.

कंपनीनं त्यांना पाठवलेलं परवानगीपत्र मी पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. बारीक अक्षरात भरगच्च पानं. ‘कायमस्वरूपी प्रवेशाधिकार’, ‘वारसदारांवर बंधनकारक’ असले शब्द. त्यात केबल किती जाड आहे हे कुठेच नाही. असं पत्र आलं तर मीही सही केली नसती. मावशींनी (मी मालकीणबाईंना मावशी म्हणते, वयानं त्या माझ्या आईएवढ्या आहेत) ते वाचून ‘मुलाला विचारून सांगते’ म्हटलं, आणि परवानगीच्या बाबतीत या उत्तराचा अर्थ काय होतो ते आपण सगळे जाणतो.

मग सर्वेक्षकांना बरोबर घेऊन मी एका पानाचा कागद केला. वर वाटेचा फोटो, त्यावर लाल रेघेनं नळीचा मार्ग. खाली साध्या वाक्यांत: केबल पाच मिलिमीटर जाड आहे, जुन्याच नळीतून जाणार आहे, तुमच्या घराच्या भिंतीला एकही भोक पडणार नाही, खणावं लागलं तर कुठे आणि किती, फरशी कोण बसवून देणार, आणि पुढे तुम्हाला वाट उकरायची झाली तर केबल हलवायचा खर्च तुमच्यावर येणार नाही. शेवटची ओळ कंपनीकडून लेखी मिळवायला सगळ्यात जास्त भांडावं लागलं आणि मावशींनी नेमकी तीच ओळ दोनदा वाचून घेतली.

फोनवर त्यांनी विचारलेले प्रश्न अगदी नेमके होते. ‘यातून वीज जाते का गं? पावसात शॉक बसायचा नाही ना?’ फायबरमधून प्रकाश जातो, वीज नाही, हे मी सांगितलं. सर्वेक्षकांनी त्यात भर घातली ती माझ्याही उपयोगाची होती. काही ड्रॉप केबलींमध्ये, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत येणाऱ्या केबलींमध्ये, मजबुतीसाठी पोलादी तार असते. जिथे विजा कडाडतात तिथे घरापर्यंत धातू आणू नये म्हणून ते एफआरपीची, म्हणजे काचधाग्याच्या प्लॅस्टिकची, काडी असलेली केबल वापरणार होते. तुमच्याकडे कुणी केबल ओढणार असेल तर हे विचाराच. ‘उद्या भाडेकरूला हेच हवं झालं तर पुन्हा खणणार का?’ हा मावशींचा दुसरा प्रश्न. त्यावर नळीत एक जादा दोरी सोडून ठेवायचं ठरलं. सही झाली. मुलाला विचारायचं राहूनच गेलं बहुधा.

यापुढचा भाग मी एखादा सामना पाहावा तसा पाहिला. दोघे तंत्रज्ञ आले, एक जण चेंबरपाशी, एक आमच्या कोपऱ्यात. मला वाटलं होतं की जुनी तांब्याची केबल ओढून काढतील आणि तिच्याच शेपटीला नवी बांधतील. दोघांतल्या वयानं मोठ्या तंत्रज्ञानं साफ नकार दिला. ओढताना जुनी तुटली तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. नवी जोडणी सुरू होईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. म्हणून चाकावर गुंडाळलेला फायबरग्लासचा रॉड तांब्याच्या केबलीशेजारून आत सरकवत नेला. वाट जवळजवळ निम्मी झाली आणि रॉड अडला. मागे घेऊन, फिरवून, पुन्हा ढकलून पाहिला, तिथेच अडतो.

इथे त्यांचं कसब दिसलं. रॉड अडलेला असतानाच नळीच्या तोंडाशी त्यावर चिकटपट्टी लावली, रॉड बाहेर काढला, आणि तोच वाटेवर अंथरला. पट्टी नळीच्या तोंडाशी, रॉडचं दुसरं टोक जिथे आलं तिथे खडूनं फुली. पलीकडून, चेंबरच्या बाजूनंही तेच केलं. दोन फुल्यांमध्ये हातभर अंतर. म्हणजे वाट उकरायची ती तेवढीच. चार फरश्या उचलल्या, खाली झाडाचं मूळ नळीवर चढून बसलेलं, नळी चेपून चपटी. तेवढा तुकडा आरीनं कापला, तांब्याच्या केबलीला धक्का न लावता उभी चिरलेली नळी तिच्याभोवती बसवली, दोन्ही टोकांना जोडकॉलर. मूळ तोडलं नाही, नळी त्याच्या थोडी खालून वळवली. भाडेकरू तोवर बाहेर येऊन टॉर्च धरून उभा होता. पहिल्या दिवशी फाटक अडवणारा हाच माणूस, पण खणताना चार सूचना द्यायची संधी कोण सोडतो!

केबल ओढताना दोरी काचेला बांधत नाहीत. आत पिवळ्या अ‍ॅरॅमिडच्या, म्हणजे फार चिवट कृत्रिम, धाग्यांचा पुंजका असतो, गाठ त्याला मारतात, म्हणजे ताण धाग्यांवर येतो. वळणांची भीती मला होती, कारण भिंतीतून वर येताना नळी बऱ्यापैकी काटकोनात वळते. पण हल्ली घरांसाठी वापरतात ती जी.६५७.ए२ वर्गाची फायबर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते. आधीच्या साध्या वर्गाला तीस मिलिमीटर लागायचे. जुन्या घरांच्या वाकड्यातिकड्या नळ्यांतून ही जोडणी शक्य होते त्यात या फरकाचा मोठा वाटा आहे.

स्प्लायसिंग, म्हणजे काचेची दोन टोकं वितळवून जोडणं, तर मी श्वास रोखून पाहिलं. काचेचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास, बाहेरचं काचेचं आवरण धरून १२५ मायक्रॉन. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं, म्हणजे काच तोडायच्या हत्यारानं, टोक सरळ तोडायचं, दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र ती स्वतः जुळवतं, एक ठिणगी, आणि काच एक होते. पडद्यावर प्रकाशाच्या तोट्याचा अंदाज ०.०२ डीबी (डेसिबल), म्हणजे नगण्य. मग वर संरक्षक नळी, ती तापवून आवळलेली. घाईची कंपनी इथे हातानं दाबून बसवायचा कनेक्टर लावून मोकळी होते. तोही चालतो, पण जोड वितळवलेलाच मागा.

मग प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला: उणे २० डीबीएमच्या आसपास (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). हा आकडा कसा वाचायचा तेही तंत्रज्ञानं सांगितलं. रस्त्यावरच्या पेटीत एका फायबरचा प्रकाश ३२ घरांत वाटतात, त्यात साधारण १७ डीबी तिथेच जातात. किलोमीटरभर काचेत मात्र अर्धा डीबीसुद्धा जात नाही. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. जीपॉनच्या, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या या पद्धतीच्या, बी प्लस वर्गात घरातल्या ओएनटीला (फायबर ज्या डब्यात येते त्याला) उणे २७ पर्यंतचा प्रकाश चालतो, म्हणजे आमच्याकडे चांगली शिल्लक आहे. तुमच्याकडे मीटर लावतील तेव्हा त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी वेग पडला आणि हा आकडा खाली गेलेला निघाला, तर ‘तुमचं वायफाय तपासा’ हे ठरावीक उत्तर कुणी तोंडावर फेकू शकत नाही.

घरात आल्यावर थोडं वाजलं. नियमाप्रमाणे डबा केबल आत येते तिथल्या भिंतीवर, म्हणजे आमच्या अडगळीच्या खोलीत. माझं टेबल दोन जाड भिंती पलीकडे. मी हटून बसले. तंत्रज्ञानं गाडीतून पारदर्शक घरगुती फायबरची रीळ आणली आणि भिंत-जमिनीच्या कडेनं चिकटवत थेट टेबलापर्यंत नेली. शोधल्याशिवाय दिसत नाही. अडगळीच्या खोलीतल्या पेटीत त्यानं दोनेक मीटर केबल वेटोळं करून ठेवली आहे, पुढे जोड पुन्हा करावा लागला तर ती कामाला येईल. हिरव्या टोकाचा कनेक्टर आहे, त्याचं काचेचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्या टोकाच्या वायरला त्यात घालू नका, असंही बजावून गेला.

आता अनुभव. माझी योजना दोन्ही बाजूंनी १०० एमबीपीएसची. लॅनची वायर लावून मोजलं तर नव्वदीच्या वर, अपलोडसुद्धा. तासाभराची मुलाखत पोहोचायला हिशेबानं ८३ सेकंद लागायला हवेत, प्रत्यक्षात दीड-दोन मिनिटं लागतात. पावसात लाइन खरखरायची ती कटकट संपली. जीपॉनमध्ये २.४८८ जीबीपीएस खाली आणि १.२४४ वर असा वेग सगळ्या घरांत मिळून वाटलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी फरक पडेल असं वाटलं होतं; अजून तरी पडलेला नाही. एक उणीव मात्र लक्षात ठेवा. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजकडून वीज यायची, फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. वीज गेली की फोनही गेला. अडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं होतं, मी त्याला जुळणारा छोटा यूपीएस घेतला.

कचेरीबद्दल थोडंच सांगते, कारण आठवलं की रक्तदाब वाढतो. नळी दुरुस्तीचे आणि ठरावीक लांबीपलीकडच्या केबलचे जादा पैसे लागणार हे बिलात दिसलं. पाहणीच्या कागदावर त्याबद्दल अक्षर नव्हतं. भांडल्यावर दुरुस्तीचे माफ झाले, केबलचे नाही. मावशींच्या सहीचा कागद कंपनीनं माझ्याकडे पुन्हा मागितला, कारण त्यांच्याकडचा सापडेना. म्हणून सांगते, अशा कागदाची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा आणि कंपनीला फक्त नक्कल द्या.

बसवलेल्या चार फरश्यांपैकी एक अजून डुगडुगते. तक्रार केली तर कुणी न येताच अ‍ॅपवर ती ‘सोडवली’ म्हणून बंद झाली. मी पुन्हा उघडली आहे, मावशींना फोटोही पाठवला आहे. कागदावर फरशीची जबाबदारी कंपनीची आहे, आणि मावशींनी ती ओळ आता कंपनीला थेट वाचून दाखवायचं ठरवलं आहे. ती फरशी नीट बसेपर्यंत पाचपैकी साडेतीन तारे. बसली की चार करीन.